फुकटातला राखणदार

माझ्या तोंडून कोणाचं गुपित बाहेर गेलं असं सांगणारा भिवंडीत एक माणूस दाखवा, मी भर सभेत माफी मागेन, असं मी सगळ्यांना सांगत आले. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सांगत होते. आता सांगत नाही. पण तोंडून मात्र खरंच गेलं नाही, तेवढं आधी लिहून घ्या.

मी मूळची अंजूरच्या बाजूची. वडील एका कचेरीत शिपाई होते, तिथले एका बाजूने लिहून टाकून दिलेले कागद घरी आणायचे, आई ते सुईदोऱ्याने शिवून वह्या करायची, आम्हा चौघा भावंडांची सगळी शाळा त्या पाठकोऱ्या कागदांवर झाली. मागच्या बाजूला कोणाचा रजेचा अर्ज, कोणाची तक्रार, मी अभ्यासापेक्षा तेच जास्त वाचायचे. लग्न होऊन धामणकर नाक्याजवळ आले. आमचे हे लूमवर मिस्त्री, त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं ते सोयीचं असतं. मी काल्हेरला एका गोदामात आल्यागेल्या मालाची नोंद टाइप करायला लागले, वीस वर्षं केली, निवृत्त झाले तेव्हा मालकांनी भाषण केलं आणि त्यांना नको झालेला कॉम्प्युटर दिला. भाषण पाऊण तास चाललं. कॉम्प्युटरही सुरू व्हायला जवळपास तेवढाच वेळ घेतो.

तर त्या कॉम्प्युटरवर मी आपल्या समाजातल्या मुलामुलींची स्थळं ठेवते, आधी वहीत ठेवायचे. पैसे घेत नाही. सुरुवातीला लोक मागून म्हणायचे, बाई फुकट करते म्हणजे काहीतरी असणार. काय सांगू तुम्हाला, फुकट काम करणाऱ्याला जेवढा संशय झेलावा लागतो तेवढा चोरालाही लागत नसेल. प्रत्येक स्थळाची दोन पानं असतात. पहिल्यावर बायोडाटा, शिक्षण, उंची, नोकरी. दुसऱ्यावर माझी टीप, म्हणजे लोक चहा संपल्यावर, उठता उठता, हळूच सांगतात ते. ते दुसरं पान मी कोणाला देत नाही.

दीपाली, हे तिचं नाव नाही, तुम्हीही बदललेलंच ठेवा, ती नर्स आहे. ती एकदा एकटी आली आणि म्हणाली, काकी, मला लहानपणी फिट यायच्या, सात-आठ वर्षांत एकही आली नाही, पण गोळी चालू आहे, मी लपवणार नाही, फक्त मुलाला मी स्वतः सांगणार, आधी दुसऱ्या कोणी सांगायचं नाही. मी म्हटलं, सांगेल कोण? आणि टीप लिहिली. मग कल्याणचं स्थळ आलं, मुलगा रेल्वेत, दोघांची भेट झाली, दोघं हसत बाहेर आले, पुढच्या रविवारी ती त्याला सांगणार होती. बुधवारी मुलाच्या आईचा फोन. जयभीम ताई, एक विचारू का, मुलीला फिट येतात ना?

मी म्हटलं, कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, कळलं. संध्याकाळी दीपाली येऊन बसली, रडली नाही, भांडली नाही, एवढंच म्हणाली, काकी, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

आता बघा, मी कोणाला सांगितलं नाही. यांना सांगितलं नाही, यांना सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. मग राहिला कोण? कॉम्प्युटर. आणि त्याच आठवड्यात पडद्यावर लाल चौकट यायला लागली होती, तुमच्यावर नजर ठेवली जात आहे म्हणून. एकशे चाळीस मुलींच्या टिपा आत, कोणाचा मोडलेला साखरपुडा, कोणाच्या बापाची दारू. त्या दिवशी मी कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली.

मग हेर पकडणारं काहीतरी सॉफ्टवेअर शोधायला बसले. फुकटातलंच, पेन्शन नसलेल्या बाईने दुसरं काय बघायचं. शोधल्यावर जे सगळ्यात वर आलं ते घेतलं. त्याने एका मिनिटात तीनशे बारा धोके काढून दाखवले आणि म्हणालं, दाखवणं फुकट, काढायचे तर पैसे भरा. मी मनात म्हटलं, मुलगी बघायला येऊन तिच्याच घरातले दोष मोजणारी सासू दिसते ही. नाक्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले, तो म्हणाला, आंटी, टेन्शन नहीं लेने का, मैं दूसरा डाल देता हूँ, एकदम फ्री. त्याने दुसरं घातलं. आता पहिलं म्हणतं दुसरा हेर आहे, दुसरं म्हणतं पहिला हेर आहे, आणि दोघांच्या भांडणात कॉम्प्युटर जागचा हलेना. हे खाटेवरून म्हणाले, दोगांना बी हाकल, घर तुजा हाय का त्यांचा?

मग मला सुचलं, अगं, तू पंचवीस वर्षं मुलांची चौकशी करतेस, या दोघांची का नाही केलीस? तेव्हा मी वही काढली. घराणं कुठलं, म्हणजे बनवणारा कोण, त्याचं नाव-गाव उघड आहे का. कमावतो कशावर, कारण फुकट देणाराही कुठेतरी जेवत असणार, तो पुरं काम करून जास्तीच्या सोयीचे पैसे मागत असेल तर ठीक, पण घाबरवून मागत असेल तर नाही. स्वतःच्या घरून, म्हणजे बनवणाऱ्याच्याच साइटवरून येतो, की तिसऱ्याच्या दारातून. येताना सोबत कोणाला आणतो, कारण पहिल्याने येताना तीन बिनबोलावलेले पाहुणे, नको ते प्रोग्रॅम, आणले होते, त्यांच्या खुणा मीच न वाचता हो हो करत दाबल्या होत्या. आणि घरात राखणदार एकच, दुसरा फक्त आठवड्यातून एकदा बोलावून तपासून घ्यायला. एवढं करून आठ दिवसांनी कळलं काय, तर चांगला राखणदार कॉम्प्युटरसोबत पहिल्यापासून आतच होता, माझ्या पहिल्या पाहुण्याने त्याला बाजूला बसवलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. त्याला जागं केलं, बाकीच्यांना काढलं, पूर्ण तपासणी लावली. निघाली फक्त पहिल्या पाहुण्याची घाण. लाल चौकट नुसतीच जाहिरात होती. त्याआधीचा हेर एकही नाही.

माझी भीती तिथे दुप्पट झाली. हेर नाही, तर मग कोण?

त्यानंतरच्या शनिवारी मुलाची आई स्वतः आल्या. पर्समधून घडी केलेला कागद काढला, म्हणाल्या, ताई, तुमचा आहे, परत देते. एका बाजूला भागाकार. नातीने केलेला, चुकलेला. दुसऱ्या बाजूला माझी टीप, दीपालीच्या नावासकट. नात भिवंडीत मामाकडे राहते, विहारातल्या अभ्यासिकेत जाते, सुट्टीत कल्याणला आली तेव्हा आजीने गणित तपासायला घेतलं.

मी यांच्याकडे बघितलं. कसं झालं सांगते. छापताना दोन्ही पानं निघतात. पहिलं मी देते, दुसरं टेबलाखाली ठेवते, फाडीन फाडीन म्हणते, पण मागची बाजू कोरी असलेला कागद फाडायला माझा हात धजत नाही, कधीच धजला नाही. आणि हे दर महिन्याला तो गठ्ठा अभ्यासिकेत नेऊन देतात. मी म्हटलं, अहो, विचारायचं तरी! हे म्हणाले, त्यात काय विचारायचा, पोरांना कागद लागतंत, तूच सांगतंस ना तुजी शाला तशीच झाली?

दीपालीला मी कागद दाखवला, माफी मागितली. तिने कागद उलटून भागाकार बघितला. मग म्हणाली, आता मीच त्याला फोन करते. केला. तो म्हणाला, तू सांगशील म्हणून थांबलो होतो, आता घरात बोलतो. अजून बोलतोच आहे. तिचं भलं होवो, त्याच्याशी झालं तरी, दुसऱ्याशी झालं तरी. ती येते अधूनमधून, चहा घेते, पण उठता उठता आता काही सांगत नाही.

अभ्यासिकेतून अकरा पानं परत मिळाली. बाकीची गणितं सोडवून घरोघर गेली, किती ते मला मोजवत नाही. बाहेर कोणी दोन बायका हसल्या की मी दाराशी जाऊन ऐकते.

कॉम्प्युटर मी रोज सकाळी तपासते. तो हिरवी खूण दाखवतो. सगळं सुरक्षित आहे म्हणतो.