पाण्याचा एक घोट

झांज जरा थांबवा हो! मंडळी, कीर्तन पुढं नेण्याआधी मला एक सांगा — लेकराला शिकवणं अवघड, का शिकवताना आपलं तोंड बंद ठेवणं? ...बघा, बायकांच्या बाजूला कशी शांतता पसरली! आणि पुरुषांनी हसू नका — तुम्ही शिकवता कधी?

तर ऐका. मंजिरी नावाची एक आई. लेक रेवू, दुसरीत. म्हणजे लेकीची पहिल्यांदा दुसरी, आईची दुसऱ्यांदा! गणिताचा तास आला, की रेवूच्या पोटात दुखायचं. सोंग नव्हतं हो — कोवळ्या कपाळावर घाम फुटायचा. मंजिरीचा जीव तुटायचा.

तिनं पत्ते काढले. सासरे कडाडले, "देवाच्या घरात जुगार?" — गणपतीत आरती संपताच रमीचा फड मांडणारे हे तात्या बरं का!

"तात्या, बेरजेचा खेळ आहे. दोन पत्ते उलटायचे. बेरीज आधी सांगेल, त्याचे पत्ते."

आणि काय चमत्कार! नव्वी-सत्ती पडली — "सोळा!" अठ्ठी-पंजी — "तेरा!" मंजिरीनं शेजारणीला बोलावून दाखवलं. हो, शेजारीण जळल्याशिवाय हुशारी सिद्ध कशी व्हायची?

पण शाळेत? तेच पोट, तोच घाम!

"सूनबाई," तात्या म्हणाले, "पोरगी पत्ते बघतेय कुठं? तुझं तोंड बघतेय. पत्ता पडला, की तुझे ओठ आधी हलतात!"

मंजिरी ओशाळली. "मग करू काय?"

"पाण्याचा घोट घे. गिळायचा नाही!"

पुन्हा डाव. पडली अठ्ठी आणि सत्ती. रेवू आईकडं बघते — आईचे गाल फुगलेले! पोरीचे डोळे भरले. मंजिरीच्या जिभेवर 'पंधरा' नुसतं नाचतंय! गिळावं पाणी? सांगून टाकावं? एवढंसं तर लेकरू! ...तिनं डोळेच मिटून घेतले.

रेवूनं सत्तीवरच्या बदामांवर बोट ठेवलं. "यातले दोन... अठ्ठीला दिले... दहा झाले... उरले पाच... आई, पंधरा!"

फुर्रर्र! सगळं पाणी तात्यांच्या धोतरावर!

"अजून एक डाव!" रेवू ओरडली. पोट? कुणाचं पोट?

हसलात? हसा! पण मघापासून बघतेय — माझं वाक्य संपायच्या आत तुमचेच ओठ हलतायत! उद्या लेकरू अभ्यासाला बसलं, की तांब्या जवळ ठेवा — तुमच्यासाठी! आता मात्र गिळा तो घोट, आणि मोकळ्या तोंडानं देवाचं नाव घ्या!