शिरूरला निघालेला नेचा

छप्पन्न सालची गोष्ट. दौंडला शिरूरच्या एसटीच्या रांगेत माझ्यामागं एक म्हातारी आणि एक शेतकरी बोलत होते.

“मावशी, गोणपाटात काय हाय?”

“नेच्याचं झाड. माझा भाऊ रेल्वेत हाय, त्यानं आसामातनं आणलं.”

“नेचा तर हिरीच्या भिंतीला उगवतो. त्याचं झाड कवापासनं?”

“तिकडं माडावानी वाढतं, बाबा. लढाईत आमचे हे ब्रह्मदेशाच्या रानात धुक्यात पलटणीतनं चुकले, तवा त्याचा गाभा भाजून खाल्ला. अकरा दिवस त्याच्यावरच निघाले.”

“मग खायला नेताय व्हय?”

“न्हाई रं. गाभा काढला की झाड मरतं. दारात लावायचंय. आता त्यांचे डोळे गेलेत. पान चाचपलं की मला म्हनत्यात, दबोरा, धुकं उतरलं बघ.”

“पर शिरूरच्या उन्हात जगंल का?”

“आधीचं वाळलं. त्यांना सांगितलंच न्हाई. सकाळी वाळल्या पानांवर पाणी शिंपडते, मग त्यांचा हात धरून लावते. म्हनत्यात, वाढतंय गं.”

“म्हून हे दुसरं नेताय तर.”

“गाडी आली वाटतं.”

“आणा ते इकडं. टपावर नगं, मावशी. मी मांडीवर घेतो.”