धुऊ नका हं, वास जाईल!

…हो, कळलं हो, कळलं! घर वेगळं आणि धंदा वेगळा ठेवावा! पण ठेवायचा कुठे? मला त्या घरात एक जागा दाखवा, जिथे नुसतं घर आहे किंवा नुसता धंदा आहे! शिवायची खोली म्हणून एक खोली घेतलीय मी, तर तिथे मशीनच्या डाव्या हाताला कोंबडीच्या पिल्लांचा खोका, कारण उबेचा दिवा लावायला तेवढं एकच बटण धड चालतं. उजव्या हाताला शेळीच्या भरड्याची पोती, कारण बाहेर ठेवली की उंदीर. आणि मधे मी! तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाची तरी अर्धी गोधडी, एक पाय मशीनवर आणि दुसऱ्या पायाने ठमीला दाराबाहेर ढकलतेय. ठमी म्हणजे आमची शेळी. नावच ठमी, वागणं महाराणीचं! आता यात घर कुठे संपलं आणि धंदा कुठे सुरू झाला, ते सांगा मला!

पण आमच्या नणंदबाईंना कोण सांगणार? त्या वर्षातून एकदा येतात, रुमाल नाकाला लावूनच गाडीतून उतरतात, आणि उंबऱ्यातूनच सुरू, ‘वहिनी, कितीदा सांगितलं तुला? घर वेगळं, धंदा वेगळा! नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या!’ आता मी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवते, माझा धंदाच मुळी भाराभर चिंध्यांचा, त्याला मी काय करू?

पण लाज वाटते हो सांगायला… त्यांचं खरं निघालं. आणि कसं निघालं, ते ऐका.

एक बाई आल्या. डॉक्टरांची लेक. डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत, गुरांचे. गाई, म्हशी, शेळ्या, सगळ्या मुलखाची जनावरं त्या माणसाच्या हाताखालून गेलेली. ते वारले. तर ही लेक गाठोडं घेऊन आली, आणि कसं धरलं होतं म्हणता? तान्हं बाळ धरावं तसं. म्हणाली, ‘ताई, बाबांचे शर्ट आहेत. आईला झोप लागत नाही. सारखी म्हणते, अंथरुणाला त्यांचा वास नाही. याची गोधडी करा… पण धुऊ नका हं, वास जाईल!’

आता वास म्हणजे कसला, तर गोठ्याचा, जंतुनाशकाचा, घामाचा, शेळीच्या केसांचा! मी मान डोलावली, गाठोडं घेतलं, शिवायच्या खोलीत खुर्चीवर ठेवलं. चुकलं का माझं काही? नाही ना? इथवर नाही!

आता दुसरं गाठोडं. हे आमचं. आमच्या ह्यांचे कामावरचे शर्ट, कोपरावर फाटलेले, कॉलर झिजलेली, तेही न धुतलेले, कारण गोठ्यातच जायचे होते. ठमी व्यायला आली होती ना! करडं पुसायला, खाली अंथरायला नको? ते बांधून मी बोळात ठेवलं. म्हणजे बघा, दोन्ही गाठोडी जुन्या चादरीत बांधलेली, दोन्हींत पुरुषांचे चौकडीचे शर्ट, दोन्ही न धुतलेले, आणि दोन्हींना जनावरांचा वास!

आणि नेमक्या तेव्हाच आलेल्या नणंदबाई त्याच दिवशी आवरायला उठल्या. त्यांना मी सांगितलं नव्हतं हो! त्यांच्या हाताला चैन नसते. उठल्या, रुमाल बांधला, पहिलं गाठोडं हुंगलं, ‘शीऽऽ!’ दुसरं हुंगलं, ‘शी!’ ज्याला ‘शीऽऽ’ ते गोठ्याचं, ज्याला नुसतं ‘शी’ ते धंद्याचं! झालं! डॉक्टरांचं गेलं बोळात, आमच्या ह्यांचं आलं खुर्चीवर, आणि वर मला सांगतात कशा, ‘बघ वहिनी, लावलं की नाही सगळं? घर वेगळं, धंदा वेगळा!’ मी तोंडात टाचण्या धरून ‘हं’ म्हणाले. ते एक ‘हं’ मला कुठे घेऊन गेलं, बघा!

दुपारी ठमी व्याली. आमचे हे बोळातलं गाठोडं घेऊन धावले. एक करडू गारठून निपचित, तर ह्यांनी त्याला पुसलं, चोळलं, आणि एक शर्टच घातला त्याच्या अंगात! पुढचे पाय बाह्यांत, बाह्या दुमडलेल्या, बटणं पाठीवर. बाकीचे शर्ट खाली अंथरले, ते ठमीने अर्धे खाल्ले आणि उरलेल्यांचं जे करायचं ते केलं. करडू मात्र जगलं. दुसऱ्या दिवशी अंगणात टुणटुण! मी बघितलं, हसले, म्हटलं, अहो, तुमचा शर्ट तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त शोभतोय! तर हे म्हणाले, ‘माझा? असेल.’ असेल! पुरुषमाणसाला स्वतःचा शर्ट ओळखता येत नाही, असं म्हणत मी आत आले… आणि ह्यांचे सगळे शर्ट टराटरा कापले!

तुम्ही म्हणाल, बाई, कापताना डोळे कुठे होते? होते ना! कापडावर होते! कात्री हातात घेतली की मला शर्ट दिसतच नाही. वीण दिसते, उभा धागा दिसतो, कुठे विरलंय, कुठून चौकोन धड निघेल, एवढंच दिसतं. आणि मन लावून केलं हो! एक चांगला खिसा अख्खा ठेवला, बटण लावलेला, गोधडीच्या बरोब्बर मधोमध, की डॉक्टरांच्या घरच्या आजींना त्यात रुमाल ठेवता येईल. खिशात काहीतरी कुरकुरत होतं. मी म्हटलं, नको, डॉक्टरांचं आहे, असेल एखादी चिठ्ठी, आपण कशाला उघडा? न उघडता भोवतीने टाके घातले. केवढा तो आदर! कुणाच्या खिशाचा? माझ्याच नवऱ्याच्या, जो मी एरवी रोज उलथापालथा करते!

ओळखलं कुणी, माहितेय? ठमीने! गोधडी उन्हात पसरली की आलीच! नाक घासते काय, बें करते काय, तिच्यावर बसते काय! आणि मी काठी घेऊन, ‘हट्! लाज आहे का तुला? डॉक्टरांचे कपडे आहेत!’ लाज आहे का, म्हणे. कुणी कुणाला विचारायचं!

मग आली ती लेक. आणि आईला घेऊन आली! आजी म्हणजे एवढ्याशा, चिमणीएवढ्या, डोळ्यांखाली काळं झालेलं. मी गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलली, तोंड खुपसलं त्यात… आणि कितीतरी वेळ वर केलंच नाही. मग एवढंच म्हणाल्या, ‘हेच.’ माझ्या डोळ्यांत टचकन पाणी! वाटलं, काय पुण्याचं काम करतो आपण!

मग त्यांचा हात गेला खिशाकडे. बटण काढलं, बोटं आत घातली, आणि बाहेर काय आलं? गोळ्यांचं पाकीट! शेळीच्या जंताच्या गोळ्या! आजींचा बांधच फुटला, ‘बघ गं, बघ! शेवटपर्यंत खिशात जनावरांचं औषध!’ लेक रडते, आजी रडतात, मी रडते, आणि तेवढ्यात दारातून आमचे हे, एकदम हर्षभरित, ‘अरेच्चा! सापडल्या? महिनाभर शोधतोय मी ह्या गो…’

मी खोकले. काय खोकले म्हणता! घशात टाचणी अडकल्यासारखी खोकले. आणि खोकता खोकता बघितलं त्या खिशाकडे… कोपऱ्यात शाईचा डाग, माझ्याच हाताने चार वेळा घासलेला, न गेलेला. माझ्या पायाखालची जमीनच सरकली! तो चौकोन ह्यांचा. शेजारचा ह्यांचा. तो निळा, आम्ही पहिली शेळी आणली त्या दिवशीचा. अख्खी गोधडी माझ्या नवऱ्याची, आणि तिच्यात तोंड खुपसून दुसऱ्याच बाई रडतायत! म्हटलं, धरणीमाते, आत्ताच्या आत्ता पोटात घे! पण ती तरी कशी घेणार, तिच्यावर भरड्याची पोती!

बरं, एवढ्यावर भागावं ना? नाही! टुणटुण, टुणटुण… करडू आत! अंगात शर्ट! लेकीने बघितलं. आधी हसली, ‘अय्या!’ मग हसू थांबलं. खाली बसली. पाठीवरच्या बटणाला हात लावला. बाकी बटणं पांढरी आणि एक लाल. ते तिने लावलेलं होतं, शाळेत असताना, पहिलं शिवणकाम म्हणून, आणि डॉक्टरांनी ते कधी बदलू दिलं नव्हतं. तिने वर बघितलं माझ्याकडे. मी खाली बघितलं, फरशीकडे. काय सांगणार? तुमच्या बाबांचे शर्ट शेळीने खाल्ले, आणि आई कवटाळून बसलीय तो माझा नवरा आहे?

लेक उठली आणि मला अंगणात घेऊन गेली. मी हात जोडले, सगळं सांगितलं. गाठोडी, ‘शी’ आणि ‘शीऽऽ’, सगळं! म्हटलं, ओरडा, शिव्या द्या, काय वाटेल ते बोला. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! ती करडाकडे बघत म्हणाली, ‘बाबा स्वतःच्या अंगातला काढून घालायचे करडांना. उघडे यायचे घरी. आई ओरडायची.’ आणि मग, ‘आईला कळता कामा नये ताई. ती बघा…’ मी खिडकीतून बघितलं. आजी खुर्चीत, पिल्लांच्या खोक्याशेजारी, गोधडी नाकापर्यंत ओढून गाढ झोपलेल्या. तोंड उघडं. किती महिन्यांनी, कुणास ठाऊक!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या चुकीचं सोडाच, चूक काय, नणंदबाईंच्या नाकावर ढकलता येईल. लाज वाटली ती वेगळीच. त्या लेकीने एका बटणावरून बाप ओळखला! आणि मी? ते शर्ट मी धुतलेत, वाळत घातलेत, रोज समोर बघितलेत, आणि कापताना एकही ओळखला नाही! ते लोक गेल्यावर हे एवढंच म्हणाले, ‘अगं, परवापरवापर्यंत घालत होतो की मी ते. तू समोरच तर होतीस.’ रागाने नाही म्हणाले, नाहीतर भांडता तरी आलं असतं. मी समोरच होते. मान खाली, सुईत डोळे.

संपलं असं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं! महिन्याभराने लेकीचा फोन, आवाज अगदी दबका, ‘ताई… आई म्हणते, वास कमी झालाय. रात्री परत जागी असते. तेवढं… तुमच्या मिस्टरांना… काही करता येईल का हो?’ आता नाही कसं म्हणू? कुठल्या तोंडाने म्हणू? आली गोधडी परत. आजींना सांगितलंय की टाके उसवलेत, दुरुस्तीला गेलीय! आणि आमचे हे आठ-पंधरा दिवस ती पांघरून झोपतात, गोठ्यात काम करताना खांद्यावर टाकतात, आणि ऐट काय विचारता! मी म्हटलं, अहो, आंघोळ करा, तर म्हणतात, ‘ऑर्डर आहे.’ म्हणजे कापड मी निवडायचं, टाके मी घालायचे, बोटं माझी भोसकायची, आणि गिऱ्हाईक परत परत येतं ते कशासाठी? तर ह्यांच्या घामासाठी!

नणंदबाईंचा फोन आला होता परवा. ‘काय वहिनी, ठेवलंस ना? घर वेगळं, धंदा वेगळा?’ मी गोधडी हातात धरून उभी. म्हटलं, हो तर! अगदी वेगळं!

आता परत पाठवायची म्हणजे वास पुरता बसलाय की नाही, ते बघायला नको? म्हणून आधी मी हुंगते. डोळे मिटून हुंगते, मन लावून हुंगते, सुईत बघत नाही, काही नाही… आणि लाज वाटते हो सांगायला, इतका संसार झाला, तरी मला अजून खात्री देता येत नाही! मग काय करणार? गोधडी उचलते, गुपचूप गोठ्यात जाते, आणि ठमीच्या नाकाला लावते. ती ‘बें’ म्हणाली, की गाठोडं बांधते!