सतराच्या पाढ्याची चढाई

दहिवलीच्या कीर्तनाला निघालेल्या सोनुबाई चौक गावच्या एसटी थांब्यावर जपमाळ ओढत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर दोघी जावा आणि मध्ये एकीची लेक, प्राची. नाम ओठांत होतं, कान मात्र तिकडे.

“घेतली का गं प्राचीला कर्जतच्या मोठ्या शाळंत?”

“खेळात नाय घेतली. चढाईत तिघींना शिवून आली, तरी बाद!”

“ती कशी काय बाद?”

“कबड्डी कबड्डी म्हनायचं सोडून सतराचा पाढा म्हनत गेली.”

“आगं बया!”

“गावच्या शाळंत गनिताचा नि खेळाचा सर एकच. चढाईला पाढाच म्हनायला लावतो मेला.”

“मग आता?”

“तिथला गनिताचा सर बघत व्हता. म्हनला, माझ्या वर्गात द्या, स्कॉलरशिपला बसवतो.”

“मग जा की गं प्राची!”

“आणि खेळायचं कुठं, काकी? तिथं मी टाळ्या वाजवनार. इथं आमी सातच पोरी हाव. मी गेले तर संघच मोडला.”

“आन् परत बाद झालीस तर?”

“आपल्या गावच्या सरांना सांगितलंय, पाढा तुमी म्हना, कबड्डी मी म्हनते.”

एसटी आली. सोनुबाईंनी पुढचा मणी ओढला आणि म्हणाल्या, “सतरा दुणे चौतीस.”