कडेवरची भावंडं

अगं, इंदूर मध्य भारत राज्यात होतं त्या दिवसांत मी जुन्या इंदुरात सरकारी कन्याशाळेत शिकवायची. आया कामाला गेल्या की धाकटी भावंडं थोरल्या मुलींच्या गळ्यात. त्यांची शाळा बुडायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, "घेऊन या त्यांनाही."

एक दिवस इन्स्पेक्टरसाहेब आले, तर वर्गात सात पोरं रांगत होती.

"बाई, ये स्कूल है कि क्या है? आत्ताच घरी पाठवा यांना!"

"यांच्याबरोबर सात मुलीही जातील." मी हजेरीपट पुढे केला. "त्यांची नावं तुम्हीच खोडा."

साहेबांनी पेन उघडलं, मुलींकडे पाहिलं आणि बंद केलं.

"पोरं सांभाळायला बाई हवी, असा अर्ज करा."

"तीनदा केलाय. आता चौथा तुमच्यासमोर लिहिते, मंजुरीची सही करूनच जा."

महिनाभरात सरकारी पगारावर बाई आली. सातही जणी पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे ठेवून वर्गात बसल्या.