पिक्चरमधलं मरण

चहा घेतो मी, पण तो युद्धाचा पिक्चर आधी बंद करा.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आमच्या पारनेरकडच्या शाळेत असलाच एक लावला होता. पुढच्या खुर्चीवर पारूमावशी, सत्काराची शाल अन् नारळ मांडीवर घेऊन. तिचा लेक संपत माझ्याच पलटणीत होता. तो सीमेवर गोळी लागून गेला, मी पेन्शन घेऊन घरी आलो.

पिक्चरमधला हिरो छातीत गोळ्या खाऊनही मरायचं नाव घेईना. कपाळाला माती लावली, देशावर भाषण ठोकलं, आईचा निरोप घेतला, मग कुठं डोळे मिटले. पोरांनी टाळ्यांनी शाळा डोक्यावर घेतली.

बाहेर आल्यावर मावशीनं माझा हात धरला. "आमचा संपत काय बोलला रं जाताना?"

"सांगितलं होतं की मावशी. जागच्या जागी गेला. काही त्रास न्हाई झाला."

"त्या पिक्चरमधल्या पोराला एवढ्या गोळ्या लागल्या, तरी त्यानं आईचं नाव घेतलं."

"पिक्चर हाय त्यो, मावशी."

"व्हय. पन माझ्या लेकानं साधी हाक बी न्हाई मारली?"

आमच्या पलटणीत रीतच आहे, घरच्यांना सांगायचं, जागच्या जागी गेला. संपत माझ्या मांडीवर सकाळपासून ऊन उतरेपर्यंत 'आई, आई' करत होता.

मी म्हणालो, "न्हाई मावशी. न्हाई मारली."