वजा एन

हॅलो?… हो, ज्ञानदाच बोलतेय. कोण, रेश्मा? बोल… जरा पटकन हं, फोन लीलाबाईंचा, घरमालकिणीचा आहे.

खोक्यांची लेबलं? निघाली ना? मग झालं की… एन? कसला एन?

अगं ऐक ना, तो तपासणीवाल्यांचा असेल. माल नापास झाला की ते एन लिहितात… छापीलच आहे? सगळ्या खोक्यांवर?

नाही, शक्य नाही. काल तुमच्या कंपनीच्या मशीनवर टाकायच्या आधी ती लेबलं छापायची स्क्रिप्ट मी इथं भुकूमला, घरच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तीनदा चालवली… हो, कुठल्याही युनिक्सवर चालेल असं मीच म्हटलं होतं तुमच्या मालकांना, शरदचंद्र सरांना. माहितीये मला.

काय?… भिकूदादांना काढलं? का?… एन म्हणजे नापास, आणि सगळे व्हॉल्व्ह त्यांनी बसवले म्हणून? सर उद्यापासून येऊ नका म्हणाले? अगं, एखादं खोकं उघडून तरी बघायचं त्यांनी.

थांब. एक लेबल हातात घे. एनच्या आधी काय आहे?… बारीक आडवी रेघ.

रेघ नाही ती, वजा आहे. वजा एन म्हणजे ‘छापून झाल्यावर ओळ बदलू नकोस’. माझ्या लिनक्सला ते कळतं. तुमचं जुनं युनिक्स तेच अक्षर म्हणून छापतंय… हो, दोन्ही युनिक्सच गं. मी अमरावतीहून नवीन आले तेव्हा ‘येऊन राहिले’ म्हटलं, म्हणजे नुसतं येतेय, तर मी मुक्कामाला येतेय समजून तू गादी घातलीस ना? तसंच.

आता त्या स्क्रिप्टची फाईल उघड. ‘एको वजा एन’ किती ठिकाणी आहे?… तीन. तिन्ही खोड. त्या जागी प्रिंटएफ. पी, आर, आय, एन, टी, एफ. मग जागा सोडून एकेरी अवतरणात टक्के एस. पुन्हा जागा. पुढचं तसंच राहू दे… झालं? एकच लेबल काढ.

…एन गेला? नक्की? रेघपण?

बरं. भिकूदादा कुठंयत?… गेटवर? बोलव त्यांना. धावत जा, त्यांची घरी जायची उरवड्याची गाडी येईल… लीलाबाई, दोनच मिनिटं हं.

हॅलो, दादा? ज्ञानदा. ऐका, तुमचे व्हॉल्व्ह चांगले आहेत. तो एन माझ्या चुकीमुळं आलाय… नाही, मशीनचं काही नाही, मी तुमच्या मशीनवर चालवून बघितलंच नाही. मला फार वाईट वाटतंय, दादा… सरांना मी समोर उभी राहून सांगणार. तुम्ही गाडीत बसू नका. मी आत्ता येऊन राहिले.

…नाही हो, मुक्कामाला नाही. ठेवते.